मूग, २७ रिळं आणि माझी एक कॅसेट

गेला आठवडाभर रात्रीची जेवणं झाली की मी एक अल्बम ऐकत बसतोय. पहिल्या रात्री स्पीकरवर लावला तेव्हा बायको आतून म्हणाली, "अहो, मिक्सर चालू राहिलाय का बघा जरा." दुसऱ्या रात्रीपासून हेडफोन.

तिचं काही चुकलं नाही. अल्बममध्ये घूं घूं आहे, शिट्टीसारखे आवाज आहेत, कुठे पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखं वाटतं, कुठे तंबोऱ्याचा भास होतो आणि तो तंबोरा भलतीकडेच निघून जातो. गाणं म्हणावं असं एकही नाही. अल्बमचं नाव 'द एनआयडी टेप्स : इलेक्ट्रॉनिक म्युझिक फ्रॉम इंडिया १९६९–१९७२'. निघाला २०२३ साली, इंग्लंडमधून. पण आतलं सगळं संगीत अहमदाबादचं आहे. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, म्हणजे एनआयडी, या संस्थेतल्या एका स्टुडिओत तीन-चार वर्षांत झालेलं.

मी संगीतातला जाणकार नाही. तालुक्याच्या गावात पत्रकारिता करतो. पाणीटंचाई, बाजार समिती, नगरपालिकेच्या सभा हा माझा प्रांत. तरी या अल्बमवर लिहितोय, कारण यातली ध्वनिमुद्रणं अल्बम काढायचा म्हणून झालेलीच नव्हती. कुणी यंत्र शिकत होतं, कुणी नाचासाठी तुकडा करून बघत होतं, कुणी नुसतं खेळत होतं. हे सगळं उरलंसुरलं आहे. पन्नासेक वर्षं पडून राहिलेलं. आणि माझं म्हणणं असं आहे की आपल्या सार्वजनिक आयुष्याचा बराचसा खरा इतिहास असाच उरल्यासुरल्यात असतो. तो आपण जपतो म्हणून टिकत नाही. टाकायचा राहून जातो म्हणून टिकतो. त्यावर किती दिवस विसंबायचं, हा माझा प्रश्न आहे.

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

गोष्ट सुरू होते साराभाईंच्या घरात. अंबालाल साराभाई म्हणजे कॅलिको मिलचे मालक, अहमदाबादचे बडे गिरणीवाले. घर मोठं अजब. अंबालाल गिरणीमालक, आणि १९१८ च्या गिरणी कामगारांच्या लढ्यात त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन कामगारांच्या बाजूने, गांधीजींसोबत. अंबालाल यांच्या मुलांपैकी विक्रम साराभाई आपल्याला शाळेच्या पुस्तकामुळे माहीत आहेत. पण या गोष्टीत महत्त्वाची आहेत ती त्यांची भावंडं : गौतम, गिरा आणि गीता.

गीताबेन १९२२ च्या. पखवाज शिकलेल्या. त्या काळात बाईने पखवाजावर थाप मारायची म्हणजे काय, हे कीर्तनात, भजनात वाढलेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर काय परिणाम होतोय याची त्यांना काळजी वाटत होती. पण नुसती काळजी करत न बसता ते संगीत आधी नीट शिकून घ्यावं म्हणून त्या १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या. तिथे त्यांची गाठ जॉन केज नावाच्या तरुण संगीतकाराशी पडली. ठरलं असं की केज त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवणार आणि त्या केजला भारतीय संगीत समजावून देणार. फी कुणी कुणाला द्यायची नाही. काही महिने हा व्यवहार चालला. संगीत कशासाठी, असं केजने विचारलं तेव्हा गीताबेननी आपल्या गुरूंचं म्हणणं सांगितलं : मन शांत व्हावं, म्हणजे त्यात वरचं काही उतरू शकेल. निघताना त्यांनी केजला रामकृष्ण परमहंसांच्या वचनांचं पुस्तक भेट दिलं. केज पुढे जन्मभर या दोन्ही गोष्टींचा उल्लेख करत राहिला.

हाच केज १९५२ मध्ये जगभर गाजला, किंवा बदनाम झाला म्हणा, तो एका रचनेमुळे. त्यात वादक पियानोसमोर बसतो आणि चार मिनिटं तेहेतीस सेकंद काहीही वाजवत नाही. सभागृहात जे काही ऐकू येईल तेच संगीत. त्या पहिल्या प्रयोगात पियानोसमोर गप्प बसलेला माणूस होता डेव्हिड ट्युडर. हे नाव लक्षात ठेवा. १९६४ मध्ये मर्स कनिंगहॅमच्या नृत्यसंस्थेबरोबर केज आणि ट्युडर भारतात येऊन गेले, तेव्हा अहमदाबादेत साराभाईंनीच त्यांचा पाहुणचार केला.

आता एनआयडीकडे येऊ. भारत सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याला बोलावलं आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्यात एका भारतीय वस्तूचं भरभरून कौतुक आहे : लोटा. तांब्या हो, आपला रोजचा तांब्या. तो हातात कसा बसतो, कमरेवर कसा टेकतो, डोक्यावर कसा तोलला जातो, ओतताना पाणी कसं पडतं, रिकामा किती जड, भरलेला किती जड. इतका विचार एका वस्तूत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे, तर नव्या भारताच्या वस्तूही अशाच विचाराने घडवा, असा त्याचा सूर. या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादेत एनआयडी उभी राहिली. तिच्या उभारणीत गौतम आणि गिरा साराभाई पुढे होते.

मग येतं १९६९. हे साल नीट बघा. जुलैत बँकांचं राष्ट्रीयीकरण, त्याच महिन्यात माणूस चंद्रावर. १५ ऑगस्टला इस्रोची स्थापना, विक्रम साराभाई प्रमुख. सप्टेंबरात अहमदाबादेत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली, सरकारी आकड्यानुसारच सहाशेहून अधिक माणसं मेली. ऑक्टोबरात गांधीजींची जन्मशताब्दी. ज्या शहरात साबरमती आश्रम, त्याच शहराच्या वाट्याला हे सगळं एका वर्षात आलं. आणि त्याच वर्षी, त्याच शहरात डेव्हिड ट्युडर आला आणि त्याने एनआयडीत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारून दिला. स्टुडिओच्या मध्यभागी होता मूग सिंथेसायझर.

मूग हे बनवणाऱ्याचं आडनाव, रॉबर्ट मूग. खरा उच्चार 'मोग'च्या जवळ जातो, पण आपल्याकडे सगळे मूगच म्हणतात आणि आपल्याला उसळ आठवते. असो. हे यंत्र काय करायचं ते समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा बोर्ड आठवतोय का? समोर भिंतीसारखं पॅनल, त्यात भोकंच भोकं, आणि या भोकातून त्या भोकात खोचलेल्या वायरी. तसाच हा मूग. त्यातला एक भाग विजेची लहर तयार करतो, तीच पुढे आवाज होते. दुसरा भाग चाळणीसारखा, त्या आवाजातला टोकदारपणा काढतो किंवा ठेवतो. तिसरा भाग ठरवतो की आवाज एकदम आदळणार की हळूहळू उगवणार आणि किती वेळात मावळणार. कुठला भाग कुठल्याला जोडायचा हे वायरींनी ठरतं. पेटीसारखी पट्टी असते, पण ती वापरलीच पाहिजे असं नाही. त्यामुळे 'सा' कुठला आणि 'रे' कुठला हे यंत्र सांगत नाही. दोन सुरांमधली जागाही मोकळीच. श्रुती आणि मींड यांत वाढलेल्या माणसाला हे किती मोहात पाडणारं असेल, विचार करा.

पण मूगमध्ये एक मोठी उणीव होती. त्याला आठवण नव्हती. आज कीबोर्डवर बटण दाबलं की कालचा आवाज जसाच्या तसा येतो. मूगमध्ये वायरी उपसल्या, खुंट्या फिरवल्या, की तो आवाज गेला. पुन्हा तसाच्या तसा मिळवणं महाकठीण. शिवाय एका वेळी एकच सूर. चार थर हवे असतील तर एकेक थर टेपवर घ्यायचा आणि वर दुसरा चढवायचा. टेप ब्लेडने कापायची, चिकटवायची, उलटी चालवायची, तिची माळ करून तोच तुकडा फिरवत ठेवायचा. थोडक्यात, यंत्र आवाज काढायचं आणि आठवण टेप ठेवायची. टेप गेली की सगळं गेलं.

ट्युडर परत गेल्यावर या स्टुडिओत काम केलेल्यांपैकी पाच भारतीय नावं अल्बमवर आहेत : गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा. रचनांची नावं वाचली तरी त्या माणसांचा अंदाज येतो. माथूर यांच्या एका रचनेचं नाव आहे 'माय बर्ड्स'. दुसरीचं 'वन्स आय प्लेड अ तानपुरा', म्हणजे एकदा मी तानपुरा वाजवला होता. अतुल देसाई शास्त्रीय संगीतातले, कुमुदिनी लाखियांच्या कथक रचनांना संगीत देणारे. त्यांच्या नावावर जपानमधल्या ओसाका एक्स्पो ७० या जागतिक प्रदर्शनासाठी केलेलं ध्वनिमुद्रण आहे. शर्मांची 'डान्स म्युझिक' नावाची मालिका आहे. आजच्या पोरांना ती पबमध्ये ऐकवली तर साल ओळखता येणार नाही, इतका त्यातला ठेका आजचा वाटतो. त्यांचीच एक रचना 'आफ्टर द वॉर', युद्धानंतर. जोशीपुरा तेव्हा कोवळा विद्यार्थी. त्याच्या रचनेचं नाव 'स्पेस लायनर २००१'. अंतराळात प्रवासी वाहतूक सुरू झालीय, अशी कल्पना करून त्या पोराने आवाज लावलेत.

आणि गीताबेनची रचना. अल्बमवर तिचं नाव नुसतं 'गीताबेन्स कॉम्पोझिशन', डब्यावर ओळखीसाठी लिहावं तसं. मला सगळ्यात जास्त ती आवडली. का ते नीट सांगता येणार नाही. घाई नाही तिच्यात. पाश्चात्त्य संगीताच्या काळजीपोटी न्यूयॉर्कला गेलेली मुलगी तेवीस वर्षांनी अमेरिकन यंत्रासमोर बसली आहे आणि तिला त्या यंत्राची भीती वाटत नाहीये, एवढं ऐकू येतं.

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो मी टाळणार नाही. तुमच्यापैकी कुणीतरी विचारेलच.

१९७२. महाराष्ट्रात हा आकडा उच्चारला की पुढचा शब्द दुष्काळ. आमची आजी सांगायची, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडी, आणि खडी फोडून सोललेले हात. ज्या वर्षी आमच्या भागातल्या बाया पाझर तलावाच्या कामावर दगड फोडत होत्या, त्याच वर्षापर्यंत अहमदाबादेत काही सुशिक्षित मंडळी वातानुकूलित खोलीत, वातानुकूलित नसेल तर निदान सावलीत, परदेशी यंत्रातून पक्ष्यांचे आवाज काढत होती. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशात. हे श्रीमंतांचं खेळणं नव्हतं का?

होतं. थोडंसं होतंच. साराभाईंच्या ओळखी नसत्या तर ट्युडर कशाला येतो अहमदाबादेत. पण हाच प्रश्न विक्रम साराभाईंनाही विचारला जायचा : लोक उपाशी आणि तुम्हाला रॉकेट कसली सुचतात? त्याचं उत्तर आपण आता अभिमानाने देतो, कारण रॉकेट यशस्वी झालं. आवाजाच्या प्रयोगाला असा निकाल नसतो. पावसाचा अंदाज सांगणारा उपग्रह त्यातून निघत नाही. म्हणून त्याचा हिशेब कुणी मागत नाही आणि त्याचं सामानही कुणी सांभाळत नाही. मला त्या यंत्राच्या खर्चापेक्षा हे जास्त खटकतं. केलंच होतं, तर त्याचं काय झालं हे विचारायला नको होतं का?

टेपा १९७२ ला थांबतात. आपल्याकडे तोंड मिटून बसण्याला मूग गिळून बसणं म्हणतात. इथे मूगच गप्प झाला. त्याच्या आधीच्या डिसेंबरात विक्रम साराभाई गेले होते, आणि एनआयडीतही पुढे दिवस बदलले. स्टुडिओतली माणसं आपापल्या कामाला लागली. देशाला त्याची खबरही नव्हती, तर खंत कुठून असणार.

टेपा मात्र राहिल्या. टेप म्हणजे काय तर प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर लोखंडाच्या गंजासारखी भुकटी डिंकाने बसवलेली. आवाज त्या भुकटीत. दमट हवेत तो डिंक पाणी धरतो आणि चिकट होतो. अशी टेप घाईने वाजवायला गेलात तर भुकटी खरवडून मशीनच्या हेडला लागते, म्हणजे ऐकता ऐकताच आवाज पुसला जातो. बुरशी येते. गुंडाळलेल्या रिळात एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर फिका उमटतो, त्यामुळे वाक्य सुरू होण्याआधीच त्याची सावली ऐकू येते. चाळीस-पंचेचाळीस उन्हाळे आणि पावसाळे, तेही अहमदाबादचे. टिकायचं काही कारण नव्हतं.

पॉल पर्गस हा भारतीय वंशाचा ब्रिटिश संगीतकार आणि कलावंत. भारतात एके काळी मूग होता, या एका धाग्याचा माग काढत तो एनआयडीपर्यंत गेला. तिथल्या संग्रहात त्याला २७ रिळं मिळाली. त्याने ती ऐकली, डिजिटल करून घेतली, जी माणसं हयात होती त्यांना शोधलं. २०२० मध्ये बीबीसी रेडिओवर त्याचा माहितीपट झाला आणि २०२३ मध्ये हा अल्बम.

अशा वेळी आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं : बघा, आपल्या गोष्टी परदेशातल्या माणसाने येऊन शोधाव्या लागतात. मीही आधी तेच लिहिणार होतो. मग वाटलं, हे अर्धंच खरं. पर्गसला २७ रिळं सापडली, कारण ती तिथे होती. इतक्या वर्षांत तिथली कपाटं किती वेळा हलली असतील, रंगरंगोटी झाली असेल, जागा कमी पडली असेल, जुनं सामान काढा असं साहेबांनी सांगितलं असेल. तरी ती राहिली. म्हणजे कुणीतरी शिपाई, कुणीतरी ग्रंथपाल, कुणीतरी कारकून असा असणार, ज्याने डबा उचलला, पाहिला आणि परत ठेवला. अल्बमवर संगीतकारांची नावं आहेत, शोधणाऱ्याचं आहे. न टाकणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. बीबीसीत डेलिया डर्बीशायर नावाची बाई होती, केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेली. १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' या मालिकेचं शीर्षकसंगीत तिने टेपचे तुकडे जोडून जोडून घडवलं. मूळ चाल रॉन ग्रेनरची. त्याने ते ऐकलं आणि श्रेयात तिचाही वाटा असावा असं त्याला वाटलं. पण त्या विभागातल्या माणसांची नावं द्यायची नाहीत असा बीबीसीचा रिवाज. पडद्यावर तिचं नाव आलं ते २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी. ती २००१ मध्ये गेली होती. मेल्यावर तिच्या माळ्यावर २६७ टेपा निघाल्या, नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्यांत भरलेल्या. त्या आता मँचेस्टर विद्यापीठाकडे आहेत.

आपल्या मुंबईतलं उदाहरण घ्या. चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी तीन जपानी यंत्रं घेऊन दहा रागांचा एक रेकॉर्ड केला, डिस्कोच्या ठेक्यावर. एचएमव्हीने काढला, चालला नाही, विसरला गेला. पुढे शिकागोच्या पोरांनी त्याच जातीच्या यंत्रावर जे संगीत केलं त्याला 'अ‍ॅसिड हाउस' म्हणतात आणि ते जगभर गाजलं. एका डच संग्राहकाला चरणजित सिंगांचा रेकॉर्ड जुन्या मालाच्या दुकानात मिळाला, २०१० मध्ये तो पुन्हा निघाला, आणि सत्तरीतले चरणजित सिंग युरोपात कार्यक्रम करू लागले. २०१५ मध्ये ते गेले. त्यांना निदान आपल्या हयातीत टाळ्या ऐकायला मिळाल्या. तो रेकॉर्ड विकत घेऊन घरात ठेवणाऱ्या, आणि नंतर विकणाऱ्या का होईना पण न फोडणाऱ्या माणसाची ही कृपा.

इथपर्यंत दुसऱ्यांचं झालं. आता माझं.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून गावी आलो तेव्हा हातात एक छोटा टेपरेकॉर्डर होता. एका दैनिकाचा वार्ताहर, मानधन इतकं की नवी कॅसेट घ्यायची म्हणजे दोनदा विचार. त्यामुळे चार-पाच कॅसेटच आलटून पालटून वापरायच्या. बातमी छापून आली की त्याच कॅसेटवर पुढची मुलाखत. सगळेच असं करायचे.

एका उन्हाळ्यात टंचाईवर मालिका करताना मी एका आजोबांकडे गेलो. ते ७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. पाऊण तास बोलले. मस्टरवर किती नावं होती, मजुरी किती, कुणाला उन्हाचा झटका आला, कोण कामावरच बाळंत झाली. आणि खडी फोडताना बाया काय गायच्या ते त्यांनी मला म्हणून दाखवलं. तीन-चार ओव्या. थेट त्या कामावर रचलेल्या, मुकादमाला शिव्या घालणाऱ्या. म्हणजे त्यांनाच. म्हणताना ते हसत होते.

बातमीत मी त्यांच्या चार ओळी घेतल्या. ओव्या घेतल्या नाहीत, जागा नव्हती. आठवड्याने एका नेत्याची पत्रकार परिषद होती. हाताला तीच कॅसेट लागली. मी ती रिवाइंड केली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

नेते काय बोलले ते आज मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नसेल. आजोबा पुढच्याच वर्षी गेले.

गेल्या दिवाळीला सफाई करताना ती कॅसेट निघाली. लेकाने विचारलं, "बाबा, हे काय असतं? टाकू?" जुना प्लेअर शोधून लावली. पत्रकार परिषद संपते, खट्ट आवाज होतो, आणि मग आजोबा. नेत्यांचं भाषण माझ्या मुलाखतीपेक्षा थोडं आधी संपलं होतं, म्हणून शेवटचा तुकडा पुसायचा राहिला. चाळीस सेकंद. त्यात ओव्या नाहीत, मजुरी नाही, काही नाही. आजोबा सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगतात आणि मला म्हणतात, "आता ते बंद कर बाबा. चहा घे."

मी बंद केलं होतं.

त्या बायांच्या ओव्या आता कुठेच नाहीत. आणि त्या पुसणारा कुणी परका नव्हता, सरकार नव्हतं, मी होतो. वीस-तीस रुपयांच्या कॅसेटसाठी. म्हणून एनआयडीच्या २७ रिळांचं वाचलं तेव्हा मला अभिमानाच्या आधी स्वतःची लाज वाटली.

याच महाराष्ट्रात उलटं काम करणारी माणसंही झाली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, सगळं नोंदवून. नव्वदच्या दशकात त्यांतल्या हजारो ओव्या बायांच्या आवाजात टेपवर घेतल्या गेल्या. दोघंही आता नाहीत, पण २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला मिळतात. त्या बायांनाही कुणी संगीतकार म्हटलं नव्हतं. दळण झालं की ओवी संपायची. टेपवर घेतली म्हणून राहिली.

म्हणजे जपणं जमतं. त्याला फार पैसा लागतो असंही नाही. लागतं ते एवढंच, की ज्या वेळी एखादी गोष्ट फालतू वाटते, त्याच वेळी कुणीतरी तिच्यावर नाव लिहून ती बाजूला ठेवायची. काय मोलाचं ठरेल हे तेव्हा कुणालाच कळत नसतं. एस. सी. शर्मांनाही कळलं नसणार, मलाही कळलं नाही.

आपल्या प्रत्येक जिल्ह्यात ग्रंथालय आहे. त्यात जुन्या आवाजांसाठी एक कपाट का नसावं? एक चालू टेपरेकॉर्डर, एक कॉम्प्युटर आणि शिकवून तयार केलेला एक माणूस. गावातल्या शाहिरांच्या, कीर्तनकारांच्या, भजनी मंडळांच्या, कामगारांच्या सभांच्या कॅसेट लोकांनी आणून द्याव्यात, प्रत काढून घ्यावी, मूळ परत न्यावी. हा विषय मी आमच्या लोकप्रतिनिधींपुढे मांडणार आहे. हसतील, हसू देत. तुम्ही तुमच्याकडे मांडा.

तोवर घरच्या घरी एवढं करा. कॅसेट किंवा रीळ सापडलं तर लगेच वाजवू नका. पांढरी बुरशी दिसली किंवा चिकट लागलं तर जाणकाराला दाखवा, कारण पहिलं वाजवणंच शेवटचं ठरू शकतं. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या चकत्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरं रेकॉर्ड होणार नाही. मला हे तेव्हा माहीत होतं, तरी मी मोडल्या नव्हत्या. आणि सगळ्यात आधी, आत कोण बोलतंय हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर वर नाव, गाव, साल लिहून घ्या. नाव नसलेला आवाज पन्नास वर्षांनी नुसता आवाजच उरतो.

माझ्या कॅसेटचे चाळीस सेकंद मी परवा कॉम्प्युटरवर घेतले. आजोबांच्या नातवाला पाठवले. त्याचा रात्री फोन आला. फार काही बोलला नाही. "आमच्या घरात त्यांचा आवाज कुणाकडेच नव्हता," एवढं म्हणाला, आणि विचारलं, "दादा, अजून आहे का?"

नाही, म्हणालो.